धुक्यातले चार आवाज

फार फार वर्षांपूर्वीची, समुद्रकाठी दीपस्तंभ उभे राहण्याआधीची ही गोष्ट.

एका खडकाळ किनाऱ्यावर दोन गावं होती. धुकं उतरलं की होड्यांना काठ दिसत नसे. म्हणून गावकरी काठावर उभे राहून गात. धाकट्या गावात तिघे गात, थोरल्या गावात चौघे. किती आवाज येतात ते ऐकून नावाडी आपलं गाव ओळखत.

थोरल्या गावात सर्वांत वरचा आवाज होता एका नावाड्याच्या बायकोचा. तिच्या खाली तिची धाकटी बहीण भिवरा गाई, आणि त्याखाली दोघे म्हातारे. या चौघांचे गुरू म्हणत, “पुढचा सूर जवळचाच घ्या, उड्या मारू नका. जो सूर पुढेही चालतो, तो धरून ठेवा. कुणाच्या वाटेत शिरू नका. आणि एकमेकांमागे सावलीसारखे जाऊ नका, नाहीतर दोघांचा एकच आवाज होतो.”

भिवराच्या वाट्याला बहुतेक वेळ एकच सूर येई. लोक ताईच्या चालीवर मान डोलावत. भिवराच्या सुराची कुणी आठवणही काढत नसे. ते तिच्या मनाला लागे.

एका संध्याकाळी दाट धुकं आलं. सगळ्या होड्या पाण्यात होत्या. भिवराने आपला सूर सोडला आणि ताईचीच चाल खालच्या सप्तकात धरली. किती गोड वाटलं तिला! दोन्ही आवाज एकमेकांत पार विरघळून गेले.

पहिल्या होडीत ताईचा नवरा होता. त्याला तीनच आवाज ऐकू आले.

“हे धाकटं गाव. आपलं अजून पुढे आहे,” तो सोबत्याला म्हणाला आणि त्याने होडी वळवली. पुढे खडक होते.

त्यांच्या किंकाळ्या ऐकून मागच्या होड्या जागीच थांबल्या, म्हणून वाचल्या. सोबती पोहत काठाला लागला. घडलं ते त्यानेच सांगितलं. ताईचा नवरा परत आला नाही.

भिवरा ताईच्या पायांशी बसली. “ताई, मी माझा सूर सोडला होता गं. तुझीच चाल गात होते.”

 ताई म्हणाली, “मला वाटलं, आज माझाच आवाज मोठा झालाय.”

पुन्हा धुकं आलं, तेव्हा ताई काठावर हजर झाली. “बाकीच्यांची माणसं पाण्यात आहेत,” एवढंच म्हणाली. पण गाताना मध्येच तिची चाल तुटली. भिवराला वाटलं, ताईची चाल आपण उचलावी. ती ओठांपर्यंत आलीही होती. तरी तिने आपला साधा सूर घट्ट धरून ठेवला. त्या सुराच्या आधाराने ताईला आपली वाट पुन्हा सापडली.

धुक्यातून हाक आली, “चार आहेत! आपलंच गाव!”

एकेक होडी काठाला लागली. लोक आपापल्या माणसांना घेऊन घरी गेले. ताई पाण्याकडे बघत उभीच राहिली. भिवरा तिच्या शेजारी उभी राहिली.

तात्पर्य : सोबत करायची ती आपला सूर सांभाळून; दुसऱ्याच्या सुरात विरून गेलं, की त्याचीही सोबत सुटते.