तिष्याने न उच्चारलेले नाव

पूर्वी वेणुमती नगरीत यशस्केतू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तेथे क्रीडाचार्य होऊन जन्मले होते. त्यांचे नाव सुदंत. नगरातली मुले त्यांच्याकडे हुतूतू शिकायला येत. स्वभावाने ते शांत होते; पण त्या वर्षी मुलांनी त्यांना अगदी टेकीस आणले होते.

त्याला कारण रुद्रक. हा सेनापतीचा मुलगा, अंगाने दणकट, चढाईत पटाईत. त्याच मैदानात विणकराचा तिष्य येई. तिष्य बोलताना अडखळायचा. एका दमात हुतूतू म्हणताना मात्र त्याची जीभ अडत नसे. पण तो चढाईला निघाला की रुद्रक बाजूने ‘हु-हु-हु’ अशी नक्कल करी, बाकीची पोरे खिदळत आणि तिष्याचा दम तुटे.

सुदंतांनी समजावून पाहिले. रागावून पाहिले. रुद्रकाला मैदान झाडायला लावले, तर त्याने झाडू तिष्याच्या हाती दिला. एकदा त्याला घरी पाठवले, तेव्हा सेनापतीने त्याला रथात बसवून परत आणले. “मुले थट्टा करायचीच,” असे सुनावून तो निघून गेला. सुदंत कपाळाला हात लावून बसले. “अरे, किती वेळा सांगू? दगडाला सांगितले असते तर त्यालाही पाझर फुटला असता!” ते म्हणाले. पोरांनी माना डोलावल्या. आचार्यांची पाठ वळताच पुन्हा ‘हु-हु-हु’ सुरू झाले.

त्यातच राजाला नवी गजशाळा बांधायची होती आणि जागा हवी होती ती नेमकी या मैदानाची. सुदंतांनी विनवण्या केल्या. शेवटी राजा म्हणाला, “वसंतोत्सवात शेजारच्या नगरीच्या संघाला हरवा. मैदान तुमचे.”

उत्सवाच्या दिवशी सारे नगर लोटले. सामना अटीतटीचा झाला. अतिउत्साहात खोलवर घुसलेला रुद्रक पकडला गेला आणि मेलेल्या गड्यांमध्ये जाऊन बसला. हळूहळू सुदंतांचे आणखी गडी गेले. मग तिष्य चढाईला निघाला. त्या दिवशी नक्कल करायचे कोणाला भान नव्हते. तो वाऱ्यासारखा गेला, एका गड्याला शिवला आणि दम न तोडता परत आला.

तिथला नियम असा, की जो गडी मारून येई, त्याने नाव घेतलेला सोबती जिवंत होई.

“रुद्रक! रुद्रक!” लोक ओरडू लागले. रुद्रक तर उठून रेषेपर्यंत आलाच होता. “मला घे! अरे, मला घे ना!”

तिष्याने त्याच्याकडे पाहिले. मग मान फिरवली. “गो-गोपक,” तो म्हणाला.

गोपक कुंभाराचा मुलगा, धावायला मंद. लोकांनी कपाळ बडवले. राजाने सुदंतांना जवळ बोलावले.

“त्या पोराला आज्ञा करा, रुद्रकाला आत घे म्हणावे. तुमचे तो ऐकेल.”

“ऐकेल, महाराज,” सुदंत म्हणाले. “म्हणूनच सांगणार नाही. वर्षभर मी त्याला या छळातून सोडवू शकलो नाही. आज मैदान वाचवायला त्याच्याकडून क्षमा काढून घेऊ?”

“मग मैदान गेले समजा.”

“समजतो, महाराज.”

सुदंतांचा संघ हरला आणि मैदान गेले. थोड्याच दिवसांत तिथे हत्ती बांधले गेले.

त्या दिवशी सामना संपल्यावर रुद्रक तिष्याला मारील या धास्तीने सुदंत रुद्रकाला शोधीत निघाले. तो नदीच्या घाटावर एकटाच बसला होता. डोळे लाल झाले होते.

“मी एवढा ओरडत होतो,” तो म्हणाला. “सगळ्यांदेखत. त्याने नुसते पाहिले आणि मान फिरवली.” मग त्याने विचारले, “आचार्य, त्याला रोज असे वाटते?”

“अरे, वर्षभर दुसरे काय सांगत होतो मी?” सुदंत उसळून म्हणाले.

“तुम्ही सांगत होतात. मला कळत नव्हते.”

सुदंत त्याच्याशेजारी पायरीवर बसले.

पुढे खेळ नदीच्या वाळूत सुरू झाला. रुद्रकाने तिष्याची क्षमा मागितली. तिष्य “ब-बरं” एवढेच म्हणाला आणि दूर जाऊन उभा राहिला. पोरांना वाटले, आता गळ्यात गळा घालतील. तसे काही झाले नाही. सुदंतांनाही घाई करावीशी वाटे, पण ते जीभ आवरीत. कोणी नक्कल करू लागला की रुद्रक त्याला गप्प करी. तिष्य ते पाही.

पावसाळा जाऊन नदी पुन्हा ओसरली. एके दिवशी तिष्य गडी मारून परतला. रुद्रक मेलेल्यांत बसला होता; त्याने काही मागितले नाही. तिष्याने तोंड उघडले. “रु… रु…” शब्द अडला. कोणी हसले नाही. रुद्रकाला कळले होते, तरी तो उठला नाही. तिष्याने सावकाश, आपल्या चालीने ते नाव पुरे केले. मग रुद्रक उठला आणि खेळात आला.

ही कथा सांगून भिक्षूंचे गुरू शास्ता म्हणाले, “भिक्षूंनो, त्या वेळचा रुद्रक म्हणजे नव्याने दीक्षा घेतलेल्या श्रामणेरांसाठी पाणी वाहणारा हा तुमचा दांडगा सोबती. ज्याचे पठण ऐकायला तुम्ही काल थांबला होतात, तो तिष्य. यशस्केतू म्हणजे आपल्याला हे उद्यान देणारा उपासक. आणि वैतागूनही त्या मुलांना न सोडणारा सुदंत मीच होतो. ही क्षांती पारमिता, म्हणजे सहनशीलतेची पूर्णता.”