पेज सोडलेला अभिनंदन

एका गावात एक फुटबॉल संघ होता. त्याचे नाव चिंचवेस तालीम. संघाच्या जर्सी धुऊन देणारे लोक होते, मैदानावर चुन्याच्या रेघा मारणारे होते, भांडणे सोडवायला अध्यक्ष दत्तूअण्णा होते. आणि इंटरनेटवरचे संघाचे पेज सांभाळायला अभिनंदन होता.

अभिनंदन कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचा आणि उरलेला सगळा वेळ पेजला द्यायचा. सामना कधी, कुठे, गोल कोणी मारला, कोणाचा पाय मुरगळला, हे गावाला त्याच्याकडूनच कळायचे. या कामाचे पैसे मिळत नव्हते आणि त्याने ते कधी मागितलेही नव्हते. फक्त एकदा कोणीतरी आपले नाव घ्यावे, असे त्याला वाटायचे.

त्या वर्षी संघाने चषक जिंकला. सत्काराच्या दिवशी अण्णांनी माइक हातात घेऊन आभार मानले. रेघा मारणाऱ्याचे मानले, सरबत देणाऱ्याचेही मानले. अभिनंदन समोर उभा राहून सगळे चित्रित करत होता. आता आपल्याला वर बोलावतील म्हणून त्याने एका हाताने कॉलरही नीट केली. पण भाषण संपले आणि लोक जेवायला उठले.

घरी जाऊन त्याने संघाच्या ग्रुपवर लिहिले, की उद्यापासून पेज दुसऱ्या कोणीतरी बघावे. मग तो फोनकडे बघत बसला. कोणीतरी कारण विचारेल, निदान थांब म्हणेल, अशी त्याची खात्री होती. थोड्या वेळाने अण्णांचे उत्तर आले.

"बरं. पासवर्ड सादिकला दे."

सादिकभाई म्हणजे संघाचे जुने गोलकीपर. चेंडू अडवून अडवून त्यांची बोटे वाकडी झाली होती. एक अक्षर दाबायला गेले की दोन उमटायची. प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात त्यांचा अंगठा यायचा. एकदा तर त्यांनी निकालच उलटा टाकला. खाली कोणीतरी लिहिले, "भाई, आपण जिंकलो का हरलो, तेवढं सांगा. पेढे आणलेत."

अभिनंदन हे सगळे पाहायचा. शिकवता शिकवता पाहायचा, चालता चालता पाहायचा. चूक सापडली की त्याला क्षणभर बरे वाटायचे आणि मग पुन्हा चैन पडायची नाही. ताटातली भाकरी वाळून जायची.

"सोडलंस न्हवं ते?" आई म्हणाली. "मग घास तरी गिळ की."

पुढच्या स्पर्धेतल्या उपांत्य सामन्याचा रविवार आला. सकाळी अभिनंदनच्या फोनवर स्पर्धा समितीचा निरोप आला. समितीकडे संघाचा नंबर म्हणून अजून त्याचाच नंबर होता. तो बदलून घ्यायचे कोणाच्या ध्यानातच आले नव्हते. संध्याकाळी मैदानावर दुसरा कार्यक्रम असल्यामुळे सामना चारऐवजी दोन वाजता होणार होता. वेळेवर न येणारा संघ बाद ठरणार होता.

अभिनंदनने निरोप वाचला आणि फोन उपडा ठेवला. हे आता आपले काम नाही, असे त्याने स्वतःला सांगितले. कोणी विचारले तर सांगू. एकाने जरी फोन केला तरी सांगू. तो दारापर्यंत गेला आणि परत आला. फोन कपाटात ठेवला आणि लगेच बाहेर काढला. पेजवर सादिकभाईंनी लिहिले होते, "आज चार वाजता. सगळ्यांनी या." त्याने खाली एक ओळ लिहिली आणि पुसून टाकली.

'अभ्या असता तर असं झालं नसतं.' हे वाक्य त्याला अण्णांच्या आवाजात ऐकू येत होते. ते फार गोड लागत होते. त्याने ते मनात पुन्हा पुन्हा ऐकले. मग त्याला पुढचेही दिसले. बूट पिशवीत घेऊन मुले मैदानावर येत होती आणि तिथे कार्यक्रमाच्या खुर्च्या मांडल्या जात होत्या. त्यानंतर ते वाक्य गोड लागेना.

त्याने सादिकभाईंना फोन केला. तोवर एक वाजून गेला होता.

सादिकभाईंनी सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "तुला कधी कळलं?"

आत्ताच, असे म्हणणे सोपे होते.

"सकाळी," अभिनंदन म्हणाला.

"पेठेतली पोरं तू उचल," सादिकभाई म्हणाले. "मळ्याकडची मी आणतो."

अभिनंदनने मोटारसायकल काढली. एक जण केस कापायला बसला होता, त्याला अर्ध्या कापलेल्या केसांनिशी उठवले. एक जण बहिणीच्या सासरी जेवायला गेला होता. दोन वाजले तेव्हा मैदानावर आठच खेळाडू होते. पंचांनी तेवढ्यांवर खेळ सुरू केला. बाकीचे येईपर्यंत संघावर दोन गोल झाले होते. संघ नंतर जिवाच्या आकांताने खेळला, एक गोल फेडलाही, पण सामना गेला.

अण्णा समितीला बोल लावू लागले. सादिकभाईंनी अभिनंदनचे नाव काढले नाही. तेव्हा अभिनंदन पुढे आला. निरोप सकाळीच आला होता आणि आपण तो मुद्दाम दाबून ठेवला होता, हे त्याने सगळ्यांसमोर सांगितले.

"आता सांगून काय फायदा?" अण्णा म्हणाले.

"त्याला आहे," सादिकभाई म्हणाले. मग ते अभिनंदनकडे वळले. "तुझं नाव घ्यायला पाहिजे होतं, ते चुकलंच आमचं. काम सोडायचं तर खुशाल सोड. पण सोडलेल्या घराची किल्ली खिशात ठेवून, ते कधी पडतंय हे बघत बसू नको."

दुसऱ्या दिवशी अभिनंदनने समितीकडे जाऊन नंबर बदलून दिला. उरलेल्या सगळ्या गोष्टी सादिकभाईंच्या शेजारी बसून समजावल्या. काम त्याने परत घेतले नाही. पुढेही पेजवर चुका होत राहिल्या. एखादी दिसली की तो सादिकभाईंना फोन करून सांगायचा आणि पुन्हा शिकवायला लागायचा.

तात्पर्य: मन दुखावले म्हणून काम सोडायला हरकत नाही, पण आपल्यावाचून ते बिघडावे म्हणून जो वाट पाहतो, त्याने काम सोडलेले नसते, फक्त मदत करणे सोडलेले असते.