रांगेतली मोकळी जागा

बत्तीस वर्षांपूर्वी खंडू सुताराने राजाच्या बागेचं फाटक चोरून होळीत घातलं, असा खटला राजाने त्याच्यावर भरला.

खरं कारण वेगळं. खंडू भर बाजारात म्हणाला होता, "राजाचं नवं सिंहासन तिरकं आहे."

बारा वर्षांत फिर्याद झाली नाही तर गुन्हा मिटला, असा राज्यात कायदा होता. राजाने एका दुपारी तो फिरवला. मुदत रद्द, मागच्या गुन्ह्यांनाही. शिक्षा एक वर्ष तुरुंग. खंडू सत्तरीचा, दमेकरी. तुरुंगातून तो जिवंत परतला नसता.

त्याची सून येसू कारभाऱ्याकडे गेली.

"मागचे म्हणजे किती मागचे?"

"कितीही."

"कोणाचेही?"

"कायदा सगळ्यांना सारखा," कारभारी मिशीवर हात फिरवत म्हणाला.

"एवढंच विचारायचं होतं."

होळीला लाकूड पळवणं हा तिथला रिवाज. त्यातून कोणीच सुटलेलं नव्हतं. येसू घरोघर गेली. म्हणाली, "आज मामंजी आत जातील. उद्या कारभाऱ्याला तुमचा राग आला की तुम्ही. त्यापेक्षा आपणच जाऊ."

सकाळी तुरुंगापुढे चारशे माणसांची रांग लागली. आत कोठड्या सहा!

राजा तणतणत आला. मागे कारभारी.

"हा काय तमाशा?"

"गुन्हे कबूल करायला आलेत, सरकार," येसू म्हणाली. "या पुजाऱ्यांनी नांगर जाळला. हवालदारांनी पाटलाची शिडी. तुमच्या मागे उभे आहेत त्या कारभाऱ्यांनी सासऱ्याच्या गाडीचं जू. सासरे अजून बोलत नाहीत."

कारभारी जमीन बघू लागला.

"आणि सगळ्यांच्या पुढे ही मोकळी जागा कोणाची?" राजाने विचारलं.

"तुमची, सरकार. युवराज असताना माझ्या आजेसासूची बाज तुम्ही पळवलीत. दर शिमग्याला दरबारात तुम्हीच रंगवून सांगता. साक्षीदार रांगेत आहेत. सरकारांना मागे उभं करणं बरं दिसलं नसतं, म्हणून जागा धरून ठेवली."

राजाचा चेहरा लाल झाला. मग त्याचं पोट हलायला लागलं.

"म्हातारी बाजेवर झोपली होती," तो हसत म्हणाला. "आम्ही तिला अलगद खाली ठेवलं, हे नाही सांगितलंस!"

"ते तुमच्या बचावात सांगा, सरकार."

राजा डोळे पुसेपर्यंत हसला. "सोडा त्या सुताराला. हिला साडीचोळी आणि दहा मोहरा द्या."

येसूने हात पुढे केला नाही. "आधी जुना कायदा परत लागू झाल्याचं लिहून द्या. तुमचा राग परत आला तर मोहरा कामाच्या नाहीत."

राजाने तिथेच कागद मागवला, शिक्का उठवला, आणि दहाच्या वीस मोहरा केल्या.