दोनशेसत्तर व्होल्टची चोरी

एका गावात एक घरघंटी होती. गावाच्या अगदी टोकाला, तीन मजली इमारतीच्या मधल्या घरात ती दळायची. घरघंटी कालिंदीबाईंची. त्यांचे यजमान विश्वंभरराव मनाने सरळ, पण नवे काही कळले की जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढणारे आणि विचार मागाहून करणारे.

दिवाळी आठवड्यावर आली होती. महिला मंडळाने कालिंदीबाईंना चकलीच्या भाजणीचे काम दिले. चाळीस किलो! शनिवारी संध्याकाळपर्यंत पोचली तर दरवर्षी तुमच्याकडेच, असे मंडळाच्या अध्यक्षबाई सांगून गेल्या. एवढे मोठे काम कालिंदीबाईंना पहिल्यांदाच मिळाले होते. त्यांनी हौसेने डाळी-तांदूळ भाजले, धने-जिरे भाजले. घरघंटी लावली आणि ती दमेकऱ्यासारखी कण्हू लागली. दिवे पिवळे पडले. पीठ पडायचे तिथे रवा पडू लागला. शुक्रवारी सकाळी तर मोटरला जळका वास आला.

"अहो, मोटर गेली तर काम गेलं आणि घरघंटीही गेली," कालिंदीबाई म्हणाल्या. त्यांनी घाईने घरघंटी बंद केली.

विश्वंभररावांना ते बघवेना. त्यांनी बाजारातून व्होल्ट मोजायचा कोरा करकरीत मीटर आणला. भिंतीतल्या प्लगला लावला. आकडा आला एकशेसत्तर. आता एकशेसत्तर म्हणजे कमी की जास्त, हे काही त्यांना ठाऊक नव्हते. ते जिन्याखाली विजेच्या पेटीपाशी गेले. पेटीवर लाल पाटी होती. कवटी, खाली दोन हाडे, आणि ठळक अक्षरात 'धोका, ४४० व्होल्ट'.

विश्वंभररावांनी पाटी दहा वर्षे पाहिली होती. वाचली आज. चारशेचाळीसातून एकशेसत्तर वजा केले, आणि त्यांचे डोळे विस्फारले.

"सापडली! चोरी सापडली!" ते जिन्यावर उभे राहून ओरडले. "दोनशेसत्तर व्होल्ट! माझ्या घरचे दोनशेसत्तर व्होल्ट कुणीतरी खातंय!"

वरच्या मजल्यावरून याकूब मास्तर उतरले. ते शिंपी. दिवाळीचे कपडे शिवायचे होते, गळ्यात टेप तशीच होती. तळमजल्यावरच्या द्वारकाबाई विजेच्या शेगडीवर फराळ तळत होत्या, त्या हातात झारा घेऊन बाहेर आल्या.

"मास्तर, तुमची मशीन दिवसभर कशी पळते, ते आता कळलं!" विश्वंभरराव म्हणाले.

"पळते कुठं, विश्वंभरराव? रांगते," मास्तर म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. इतकी वर्षे एका जिन्याने वर-खाली केली, पण चोर असे त्यांना कुणी म्हटले नव्हते.

ऐकायला विश्वंभरराव जाग्यावर होतेच कुठे! ते वायरमनला बोलवायला धावले होते.

वायरमन म्हणजे अनसूया. गावात सगळे तिला वायरमनच म्हणत, दुसरा शब्द कुणाला सुचला नव्हता आणि तिलाही नको होता. ती हत्यारांची पिशवी घेऊन आली तेव्हा विश्वंभरराव हातात पक्कड घेऊन पेटीपाशी तयारच होते.

"हे बघा," ते उत्साहाने म्हणाले. "माझ्या घरात दोन वायरी जातात. लाल वायरला टेस्टर लावला की दिवा लागतो. या काळीला लावला तर काही नाही. फुकटी! ही काढा आणि तिच्या जागी दुसरा फेज द्या. माझे चारशेचाळीस मला मिळू द्या."

"पक्कड आधी खाली ठेवा," अनसूया म्हणाली.

त्यांनी ठेवली.

"तसं केलं तर तुमची घरघंटी एकदाच फिरंल. पुन्हा फिरायला उरणार नाही." मग ती कालिंदीबाईंकडे वळली. "वहिनी, तिघी मिळून एका उखळात कांडताना बघितलंय?"

"बघितलंय काय? माहेरी कांडलंय!"

"मग तीन फेज म्हणजे त्या तिघींची मुसळं. पाळीपाळीनं चालतात. एकीचं वर, तेव्हा दुसरीचं खाली. काळी वायर म्हणजे उखळाचा काठ. ती न्यूट्रल. काठापासून एका मुसळाची उडी मोजा, ती दोनशेतीस. प्रत्येक घराला तेवढीच द्यायची असते. पण एक मुसळ वर आणि दुसरं खाली असताना त्या दोघांतलं अंतर मोजलं तर चारशेच्या घरात जातं. पाटी त्याची आहे, आकडा जरा वाढवूनच लिहितात. तो तुमचा वाटा नव्हं."

"आणि काळी वायर काढली तर?" कालिंदीबाईंनी विचारले.

"काठाशिवाय उखळ कसलं, वहिनी?"

विश्वंभररावांनी पक्कड पायाने हळूच मागे सरकवली. पण हार मानतील तर ते विश्वंभरराव कसले! "बरं, दोनशेतीस तर दोनशेतीस. मग मला एकशेसत्तर का? उरलेले साठ कुणी नेले?"

अनसूयाने त्यांचाच मीटर घेतला. तळमजल्यावर मोजले, एकशेसत्तर. वर मास्तरांकडे मोजले, एकशेसत्तर.

"तिघंही लुटलेले," ती म्हणाली. "आता चोर कुणाला म्हणायचं?"

तिने पेटी उघडली. आत तीन घरांचे तीन गोल खटके होते. एक, दोन, तीन, जो फेज हवा तो लावायचा. आणि तिन्ही खटक्यांचे टोक दोनवर होते.

"अगंबाई!" अनसूया म्हणाली. "तिन्ही घरांचं ओझं एकाच फेजवर, आणि वायर येते ती लांबून, म्हणून साठ व्होल्ट वाटेतच गळतात. दोन फेज नुसते बसून आहेत! हे सगळे दोनवर कुणी लावले?"

द्वारकाबाईंना आठवेना. कालिंदीबाईंना माहीत नव्हते. विश्वंभररावांना मात्र लख्ख आठवले. गणपतीत, आरतीच्या वेळी, एक आणि तीन नंबरचे फेज गेले होते. तेव्हा हेच विश्वंभरराव जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढून ओरडले होते, "दोन चालू आहे! या, सगळे दोनवर या!" आणि प्रत्येकाचा खटका त्यांनीच आपल्या हाताने फिरवला होता. दुसऱ्या दिवशी फेज परत आले. खटके तिथेच राहिले, आणि आता दिवाळीच्या कामाचे सगळे ओझे त्या एका फेजवर पडले.

अनसूया एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. तेव्हा याकूब मास्तर म्हणाले, "जाऊ द्या. माझ्याच हातून फिरला असेल. मशीनसाठी मी फेज बदलत असतो."

किती सोपे होते! विश्वंभररावांनी नुसते गप्प राहायचे होते. खटके फिरले असते, भाजणी दळली गेली असती, आणि चूक मास्तरांच्या नावावर कायमची बसली असती.  पण त्यांना मास्तरांचा मघाचा उतरलेला चेहरा आठवला, आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली.

ते जिन्यावर चढले. सकाळी जिथून ओरडले होते, त्याच पायरीवर उभे राहिले.

"सापडला! चोर सापडला!" ते तितक्याच मोठ्याने ओरडले. "मीच तो! गणपतीत तिन्ही खटके मी फिरवले. मास्तर, तुमच्यावर आळ घेतला. मला माफ करा!"

"अहो, हळू," मास्तर म्हणाले. "गाव ऐकेल."

"ऐकू दे! सकाळचंही गावाने ऐकलंय!"

मास्तर हसले. द्वारकाबाईंनी झाऱ्यासकट कपाळाला हात लावला.

अनसूयाने मुख्य खटका पाडला. तळमजला एकवर, मधला मजला दोनवर, वरचा तीनवर लावला. मग वीज चालू केली. दिवे पांढरेशुभ्र झाले. मीटरवर दोनशेअठ्ठावीस! वरून मास्तरांची मशीन खडखडत पळू लागली, आणि घरघंटी अशी गरजली की कालिंदीबाईंनी टाळीच वाजवली. भाजणी मऊसूत पडू लागली, खमंग वास तिन्ही मजले चढला.

शनिवारी दुपारीच चाळीस किलो मंडळात पोचली. संध्याकाळी कालिंदीबाईंनी घरच्यापुरत्या चकल्या तळल्या. पहिली ताटली घेऊन विश्वंभरराव मास्तरांकडे निघाले. या वेळी ते जिना एक-एक पायरीने चढले.

तात्पर्य: वाटा कमी पडला तर चोर शोधण्याआधी आपला हात कुठे कुठे फिरला ते आठवावे; आणि ज्या आवाजात आळ घेतला, त्याच आवाजात कबुली द्यावी.