जो विहिरीत उतरला तो

"पण मास्तर, सगळ्या पोरांच्या तोंडी एकच वाक्य येईलच कसं?"

प्रताप थोरवे टेकडीवरच्या मठीच्या उंबऱ्यात उभा राहून विचारत होता. पायातले बूट काढायचंही त्याला भान नव्हतं. तालुक्यात थोरवे सरांच्या इंग्रजीच्या क्लासचा डंका होता, आणि तो वाजवण्यात गडी स्वतःही मागे नव्हता!

त्याला शाळेत इंग्रजी शिकवलं ते गोसावी मास्तरांनीच. आता मास्तर मठीत दिवाबत्ती करत, आणि बोललेच तर दोन शब्द.

"कुठलं वाक्य?"

"रिलेटिव्ह प्रोनाउन चालू होतं. फळ्यावर लिहिलं, 'द बॉय हू...' म्हटलं, करा पुरं. एक पोरगी उठली. म्हणाली, जो मुलगा विहिरीत उतरला तो अजून वर आला नाही. तिच्या शेजारची उठली, तेच. मागच्या बाकावरचा ढ, ज्याला धड एबीसीडी येत नाही, तोही तेच. चेष्टा चालवलीय कार्ट्यांनी!"

"नियम शिकवलास त्यांना?"

"झोपेत विचारा मला! माणसाला हू, वस्तूला व्हिच, मालकीला हूज. आणि कोणाबद्दल बोलतोय ते आधी सांगायचं, मग 'हू' लावायचं."

"छान. मग तो मुलगा कोण?"

प्रतापचा चेहरा पडला...

"पोरांचं जाऊ द्या, मास्तर. माझी रेवा..." एकुलती एक लेक ती, नुकती शाळेत जाऊ लागलेली. "परसातल्या विहिरीच्या काठावर जाऊन बसते. वाकून बोलत राहते. म्हणते, खाली एक दादा आहे. तो विचारतो, माझं नाव काय? आज सकाळी म्हणाली... दादा म्हणतोय, माझं नाव सांगत नसशील तर तुझं दे."



थोरव्यांच्या घरची रीतच तशी. अवेळी गेलेल्याचं नाव घ्यायचं नाही, घेतलं की तो मागे फिरतो म्हणे. प्रतापचा धाकटा भाऊ खेळता खेळता त्याच विहिरीत गेला, आणि आईनं सगळ्यांना शपथ घातली. तेव्हापासून घरात त्याला 'जो गेला तो' एवढंच म्हणत. पुढे आईही गेली. शपथ तेवढी राहिली.

"मी मनातसुद्धा नाव घेतलं नाही कधी. भीती वाटते, मास्तर. नाव घेतलं आणि तो आला तर?"

"मग आत्ता कोण आलंय?"

मास्तर उठले. कोपऱ्यातल्या रिकाम्या रांजणावरचं झाकण त्यांनी काढलं.

"वाक. हाक मार."

"आत्ता? दिवेलागण झालीय!"

"पोरांना घरी याच वेळी बोलावतात, प्रताप."

तो गुडघ्यांवर बसला. घडाघडा इंग्रजी बोलणाऱ्या त्या माणसाची जीभ टाळूला चिकटली होती. काठावर वाकलेली रेवा डोळ्यांपुढे आली, तेव्हा कुठे ओठ हलले.

"दिगू..."

"आई अशी हाक मारायची?"

"दिगूऽऽ! अरे दिगंबराऽऽ! ये रे वर!"

रांजण घुमला. घुमणं विरलं. मग खालून, फार लांबून, खेळात रमलेल्या पोरानं द्यावी तशी ओ आली.

"ओऽऽ... आलोऽऽ!"

प्रताप ढसाढसा रडू लागला. भीतीनं की मायेनं, त्याचं त्यालाच कळेना. झाकणाकडे गेलेला त्याचा हात मास्तरांनी धरला.

तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. घरून रेवा बोलत होती.

"बाबा, विहिरीतला दादा वर आला. दारात उभा आहे. आत घेऊ का?"

प्रतापनं मास्तरांकडे पाहिलं.

मास्तरांनी दिव्याची वात सारखी केली.

"आधी पंचा दे म्हणावं त्याला. कधीचं ओलं आहे ते पोर."