दाराकडे पाठ करणारी मुलगी

सुतारांच्या एका गावात एक आजोबा होते. त्यांना सगळ्या कोड्यांची उत्तरं येत, आणि एकही उत्तर त्यांच्या तोंडात टिकत नसे.

त्यांची सून उरलेलं लाकूड तासून आपल्या लेकीसाठी, मैनासाठी, कोडी बनवायची. एकमेकांत अडकलेले तुकडे. ते जोर लावून सुटत नसत, नीट बघून सुटत. मैना कोडं घेऊन बसली रे बसली की आजोबा म्हणत, "आण इकडे, दाखवतो."

"मामंजी, तिचं तिला बघू द्या ना."

"पोरीला कशाला छळतेस? आम्ही मोठी माणसं कशाला आहोत मग?"

मैना मात्र कोडं घेऊन अंगणात पळायची.

एकदा मैनाची तीन वर्षांची बहीण ठकी स्वयंपाकघरात एकटीच होती. खेळता खेळता तिने दार लोटलं आणि आतला अडसर सरकवला. तेवढ्यात चुलीतलं जळतं लाकूड बाहेर घसरलं. दाराच्या फटीतून धूर येऊ लागला. ठकी दाराला चिकटून रडू लागली.

सगळी आळी धावून आली. दार फोडावं तर ते ठकीच्याच अंगावर पडणार!

"ठके, अडसर उजवीकडे सरकव!" आजोबा ओरडले.

"अहो, आतून ते डावीकडे होतं!" शेजारचे काका ओरडले.

"तुला काय कळतं रे? दार मी बसवलंय!"

बिचाऱ्या ठकीला उजवं-डावं कुठलं कळायला? तिने अडसर आणखी घट्ट बसवला.

मैनाने दाराकडे पाठ केली आणि डोळे मिटले.

"अगं, बहीण आत कोंडलीय आणि तू पाठ काय फिरवतेस?" आजोबा कडाडले.

"गप्प बसा ना आजोबा! आत ठकी अशीच उभी असेल. तिला काय दिसतंय ते बघतेय मी."

मग ती फटीशी वाकली. "ठकू, तू पाणी पितेस तो रांजण दिसतो का गं?"

"हो," आतून हुंदका आला.

"दाराला लावलेलं ते लाकूड रांजणाकडे ढकल. दोन्ही हातांनी. ढकल, ढकल, शाब्बास!"

अडसर खर्रकन सरकला. मैनाने ठकीला उचललं, आईने जळत्या लाकडावर पाणी ओतलं.

"देवाची कृपा!" काका म्हणाले.

"असेल," आई म्हणाली. "पण डोकं माझ्या लेकीने चालवलं. तुम्ही सगळे सांगत होतात. विचार तिने केला."

आजोबांनी मान खाली घातली. मग हळूच मैनाच्या पाठीवरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी आळीतल्या बायका कोडी मागायला आल्या. आईने प्रत्येकीला एकेक दिलं आणि बजावलं, "हे मुलांसाठी आहे. घरातल्या मोठ्यांना राहवलं नाही, तर त्यांना अंगणात बसवा."

तात्पर्य: मुलांच्या हातात कोडं द्या आणि आपलं उत्तर आपल्याजवळच ठेवा; स्वतः शोधायची सवय लागलेलं मूल, मोठे गोंधळतात तेव्हाही वाट काढतं.