कुत्र्याच्या पावलाची वीट

सुमेर देशात मातीच्या विटांची देवळं उठत होती, तेव्हाची ही गंमत. एका ओल्या विटेवर राजाच्या नावाचा ठसा उमटला. मग काय, बाईसाहेबांचा तोरा विचारू नका! शेजारच्या ओल्या विटेवरून एक कुत्रा पाऊल उमटवत धावत गेला, तेव्हा ही फिदीफिदी हसली. "शी! आता तुला कोण विचारणार?"

गवंड्यानं रिवाजाप्रमाणे दोघींना भिंतीत पालथं बसवलं.

हजारो वर्षांनी खणणाऱ्यांनी दोघींना उलटलं. पहिलीवरचं नाव वाचून एकजण म्हणाला, "पुन्हा हाच राजा! टाका ढिगात." दुसरी दिसताच सगळे धावले. "अरे, कुत्र्याचं पाऊल! बघा, बघा!"

ढिगातून हळूच आवाज आला, "अगं, त्या कुत्र्याचं नाव काय होतं?"

"कुणास ठाऊक! बदकामागे सुसाट सुटला होता, नाव सांगायला थांबतोय कशाला!"